ब्रास

चांदिवलीच्या खाणीवर एकवीस वर्षं
काट्याशेजारी, पत्र्याच्या खोलीत बसून
मी एक डोंगर लिहून काढला.
पाऊण इंची, अर्धा इंची, ग्रिट, डस्ट,
गाडीचा नंबर, ड्रायव्हरची सही
आणि शेवटच्या रकान्यात ब्रास.
कार्बन सरकवायचा, पेन दाबून धरायचं;
खालच्या गुलाबी प्रतीवर
डोंगर जरा फिकट उमटायचा.

दुपारी एकला बार, मग पाचला.
त्याआधी मल्लेशी लाल फडकं घेऊन कड्यावर चढायचा
आणि लांबट हाळी द्यायचा: होऽऽश्शियार!
मी चहाचा पेला हातात धरायचो,
टेबलावर ठेवला तर तो आपसूक कडेला चालत जायचा.
खालच्या वस्तीत भिंतींना तडे गेले.
विहिरीचं पाणी एका उन्हाळ्यात खाली उतरलं
आणि वर यायची वाट विसरलं.
त्याला रकाना नव्हता.

धुळीलाही नव्हता.
पाण्याचे फवारे होते,
साहेब यायचे असले की ते चालू व्हायचे.
मल्लेशीची बायको सायव्वा खडी फोडायची.
दुपारी फडकं सोडलं की
पहिल्या घासाआधी ती भाकर फुंकायची.
सवयच ती. घरीसुद्धा.
दिराच्या लग्नात पुरणपोळीही तिनं फुंकूनच खाल्ली
आणि आम्ही पंगतभर हसलो.

मल्लेशीचा एक्स-रे मी खिडकीला लावून पाहिला.
डस्टचा रंग मला कळतो.
डॉक्टरांनी टीबी लिहिलं.
टीबीला गोळ्या असतात, मालक नसतो.
हाळी आखूड होत गेली.
आधी त्यातला 'होऽऽ' गेला,
मग नुसतं 'शियार',
मग नुसतं फडकं.

कड्यावर मरीआई होती,
शेंदूर फासलेला, गुडघ्याएवढा दगड.
खाण आत सरकली तशी ती तीनदा मागे सरकली,
दर वेळी कोंबडा, दर वेळी नारळ,
दर वेळी मालकाचे अकराशे.
चौथ्या वेळी रात्रपाळी होती, जेसीबीवाला नवा.
सकाळी सायव्वानं रिकामी जागा पाहिली,
मग माझ्याकडे पाहिलं.
मी वहीत पाहिलं.

तेव्हा बोललो नाही, आता सांगतो:
पहाटे चार वीस, सहाचाकी, तीन ब्रास, पाऊण इंची,
माल विक्रोळीकडच्या पुलाला.
काट्यावर एक खडा सांडला होता,
एका बाजूनं तांबडा.
तो मी पावत्यांवर ठेवायचो, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

पुढे खाण बंद झाली.
खड्ड्यात पाणी साठलं, हिरवं,
किती खोल ते कुणालाच ठाऊक नसलेलं.
दोन मे महिन्यांत तीन पोरं त्यात राहिली.
मग पाणी उपसलं, भराव आला,
शहरभर पाडलेल्या इमारतींचा राडारोडा.
सिमेंटच्या ढेकळांतून
आमचीच खडी परत येत होती,
बिनापावतीची.

आता तिथे बावीस मजले आहेत.
माझी भाची दहाव्यावर राहते.
बाल्कनीत उभं राहून मी मनाशी हिशेब केला.
मरीआईची पहिली जागा साधारण इथेच,
कठड्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर,
जिथे आत्ता एक कबुतर पंख मारतंय.
मल्लेशी याच उंचीवर उभा राहायचा.
भाची म्हणाली, मामा, इतकं वाकू नका.

आत आलो. तिच्या मुलीनं बशी पुढे केली.
चकचकीत फरशी, बंद काचा, एसीची हवा,
कुठे कण नाही.
मी बिस्कीट उचललं,
फुंकलं,
आणि ती पोर खुदकन हसली.