पेन्सिलीनं काढलेलं घर

“सगळ्यात चांगला नकाशा कुठला?”
जूनपासून दिवसातून दहादा हेच.
मेस्तियाच्या चौकात, बेकरीला लागून माझं दुकान:
दोन फळ्या नकाशे, एक फळी वाटांची पुस्तकं
आणि उन्हाळाभर न खपलेल्या लोकरी टोप्या.

मी म्हणते, आधी बूट दाखवा.
मग सांगा, किती दिवस, कुणाबरोबर,
आणि धुकं उतरलं तर मागे फिरायची लाज वाटते का.

हा निळा, एकास पन्नास हजार.
वारा याला फाडत नाही, पाऊस भिजवत नाही,
पण चाळीस मीटरला एक रेघ;
दोन रेघांच्या मधे एकोणचाळीस मीटरचा कडा
निवांत झोपलेला असू शकतो.
हा जुना, रशियन अक्षरांचा, वडिलांच्या पेटीतला.
विकायचा नाही. बघा हवा तर.
हिमनदी यात पार खाली येते,
जिथं आता भूर्जाची झाडं माझ्याहून उंच आहेत.

पुस्तकं? हे जाड:
राजांची वंशावळ, वाइनचे प्रकार, आभार,
आणि आमच्या खिंडीला दीड पान.
तेवढं पान फाडून न्या, मी डोळे मिटते.
ते दुसरं लिहिणारा उंटावरून शेळ्या हाकतो:
‘ओढा सहज ओलांडता येतो.’
येतो की, सकाळी सातला.
दुपारी बर्फ वितळलं की तोच
गुडघ्याला धरून ओढतो.
काठावर बेसो घोडा घेऊन उभा असतो,
त्याचा दर कुठल्याच आवृत्तीत बरोबर नाही.
कागदी घोड्यावर बसून नदी पार होत नाही, मी म्हणते.
गिऱ्हाइकं मान डोलावतात,
म्हणजे कळलेलं नसतं.

एक काम मात्र मी प्रत्येक प्रतीवर करते.
निळ्या नकाशात मुख्वेरीपुढे
बारीक तिरक्या अक्षरांत छापलंय: ओसाड.
मुख्वेरीत माझी आत्या राहते. मकवाला.
एक गाय, एक दगडी मनोरा, त्यात गवत,
आणि पाच गावांना पुरेल एवढा आवाज.
छापणाऱ्यांना दोनदा पत्र लिहिलं.
‘पुढच्या आवृत्तीत विचार करू.’
म्हणून घडी उलगडते, पेन्सिल जिभेला लावते,
त्या शब्दावर आडवी रेघ,
शेजारी चौकोन, वर त्रिकोण,
धुराची एक वेलांटी.
याचे वेगळे पैसे नाहीत.

गेल्या सप्टेंबरात क्वेता नावाची झेक बाई परत आली,
नाक सोललेलं, गुडघा सुजलेला.
नकाशा गल्ल्यावर पसरला.
“घर चुकलंय,” म्हणाली.

मी तिच्या बोटाकडे बघत राहिले,
तोंडाकडे बघवेना.

“इथं नाही. इथं.”
बोट अर्धा सेंटीमीटर सरकलं, ओढ्याच्या काठी.
“वसंतात वरून हिमलोट आला, म्हणे.
तेव्हापासून आजी गाय घेऊन खालच्या गोठ्यात.
मला चीज दिलं, नकाशा मागितला,
चष्मा नव्हता, उलटाच धरला,
तरी स्वतःला शोधलं तिनं, आणि माझी पेन्सिल घेऊन हे.”

खरंच. माझ्या नीटस चौकोनावर फुली.
खाली एक वाकडं घर, धूर नाही,
पण दारात चार पायांचं काहीतरी.

“निरोप आहे: दुकानवालीला सांग,
नकाशे विकतेस तर कधी बघायलाही ये.
येताना मीठ आण.”

अर्धा सेंटीमीटर, म्हणजे अडीचशे मीटर.
मी चार वर्षांत तिकडे फिरकले नव्हते.

त्या दिवशी दुकान लवकर मिटलं.
चौदा प्रती शिल्लक होत्या.
चौदांवर खोडरबर, चौदांवर गाय.
मग बेकरीतून पाच किलो मीठ मागून आणलं,
आणि बूट शोधत बसले.
कुठल्या फळीमागे टाकलेत,
काही केल्या आठवेना.