नऊशे ऐंशी किलो

बावीस वर्षं क्रेनवर बसून मी
चुंबकानं भंगार उचलतोय.
सायकली, कूलर, कडबा कापायची यंत्रं,
रुखवतातली कपाटं,
सगळं भट्टीत. भट्टी विचारत नाही, कुणाचं.
त्या दिवशी एक पिकअप आली, जुनी महिंद्रा.
वर उचलली आणि तिचं दार उघडलं,
एकाच बिजागरीवर लोंबत राहिलं.
पडलं नाही.

खालून सुपरवायझर बोंबलत होता.
मी तिला बाजूला टेकवली,
अंड्यांचा ट्रे ठेवावा तशी.

काट्यावर नऊशे ऐंशी किलो भरली.
इंजिन, आरसा, सीटमधली उंदराची पिल्लं धरून.
तोतलाशेठ म्हणाले, ने, भंगाराच्याच भावात,
पगारातून कापतो.

कुशावर्ता दारात. "हिच्यात भरायचंय काय?"
मला सांगता आलं नाही.
अजूनही नीट येत नाही.

मागच्या चाकाचा एक नट नऊ दिवस हलला नाही.
मी पान्यावर उभा राहिलो, नाचलो, शिव्या दिल्या.
गफूर मिस्त्री विडी विझवत म्हणाले,
"गुस्सा करे तो नट नै खुलता, मुंडी टूटती.
घासलेट पिला उसकू. सो जा."
दहाव्या दिवशी दोन बोटांनी फिरला,
जसं काही कधी अडलंच नव्हतं.

रंग खरवडायचा तर पाणीपेपरला पाणी लागतं
आणि आमच्याकडं नळ येतो आठव्या दिवशी.
कुशावर्ता काही न बोलता
धुण्याचं दुसरं पाणी बादलीत राखू लागली.
साबणाच्या वासात
निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पिवळा,
पिवळ्यावर अर्धी अक्षरं:
'…याणे भांडार, भोकर…'
ती पदराला हात पुसत वाकली.
"बियाणं वाहिलंय हिनं," म्हणाली,
आणि पहिल्यांदाच पत्र्याला हात लावला.

दिगांबर पेंटरचा हट्ट, रंग मूळचाच पाहिजे, पिवळा.
मी म्हटलं, मला ज्वारीच्या वाळल्या कडब्याचा हवा.
तीनदा मिसळला त्यानं. तिसऱ्यांदा
डबा घेऊन स्वतःच कुणाच्या तरी गंजीजवळ जाऊन आला.
फाळका केला जिनिंगमधल्या जुन्या सागवानी फळ्यांचा.
डावा गुडघा वाकत नाही माझा,
म्हणून क्लचचा पेडल दोन इंच वर घेतला.
रेडिओच्या खोबणीत थर्मासची कडी.
रेक्झीन कुशावर्तानं शिवलं, मशीनच्या चार सुया मोडल्या,
चारही सुया मला दाखवल्या.

तळ मात्र गेलेलाच होता.
चाळणी झालेला पत्रा कापून काढला,
साठ-सत्तर किलो. न्यायचा कुठं?
तोतलाशेठच्याच काट्यावर.
दोन दिवसांनी ढिगात तो मला दिसला,
त्यातलं भोक ओळखलं,
ज्यातून मी महिनाभर अंगणातल्या मुंग्या बघितल्या होत्या.
बटन नेहमीसारखंच दाबलं.

पहिली फेरी शेषराव खरातच्या स्लॅबची.
आमच्याच मिलची बारा एमएमची सळई,
मधोमध वाकवलेली, फाळक्याबाहेर लोंबणारी,
टोकाला कुशावर्ताच्या जुन्या झंपरचा लाल तुकडा.
गतिरोधकावर सळया अशा किणकिणल्या
की रस्त्यावरची शेळी उठून उभी राहिली.
कुशावर्ता शेजारी, मांडीवर थर्मास.
मोंढा ओलांडल्यावर तिनं मागं वळून बघितलं.
"ह्यातली कंची हिच्या पोटातली असंल?"
म्हटलं, भट्टी वेगळं ठेवत नाही.
"मग सगळ्याच," ती म्हणाली,
आणि चहा ओतला, अर्धा सांडला, नव्या रेक्झीनवर.

आता गाडी खरातच्या त्याच स्लॅबखाली उभी असते.
भाडं घेत नाही तो; महिन्यातून एक खेप मागतो.
लोक येतात, बॉनेटवर थाप मारतात, विचारतात, विकायची का?
मी आधी त्यांना आत बसवतो.
दार मी बदललेलं नाही. बिजागरी तीच.
लावताना जरासं उचलून घ्यावं लागतं.
नव्या माणसाला हे सांगावं लागतं,
आणि तरी तो एकदा आपटतोच.