क्रमांक सतरा

फॉर्मवर 'निरोगी'पुढं खूण केली
तेव्हा सही जरा वाकडीच आली.
जोडवी निघेनात. साबण लावून काढली,
प्लास्टिकच्या डबीत ठेवली,
डबीवर माझा नंबर: सतरा.

संध्याकाळी चाळीस जोड्या पाठ केल्या.
विळी, पतंग. टाच, रॉकेल. खुंटी, मासा.
मग केसांत चिकट लेप, वायरी,
आणि "झोपा आता" म्हणाली नाझनीन मुजावर,
काचेपलीकडं थर्मास घेऊन बसलेली.

पोरांच्या तापात, सासऱ्यांच्या खोकल्यात
किती जागले, हिशेब नाही.
माझ्या झोपेवर राखण
पहिल्यांदाच बसली होती.
मिरज जंक्शनची घोषणा ऐकली एकदा,
पुढचं आठवत नाही.

सकाळी एमआरआयच्या नळीत ठक ठक ठक.
आबा असाच भोपळा ठोकायचे
सतारीच्या गल्लीत, कान लावून:
वाळलाय का, कीड आहे का,
आत किती पोकळ.
हसू आलं. दाबलं. डोकं हलवायचं नव्हतं.

सत्तावीस आठवल्या.
"झोपेत मेंदू निवडतो, ताई,
ठेवायचं काय, पाखडायचं काय."
म्हणजे चौदा वर्षं मी
न निवडलेलंच दळत आले.

गुरुवारी, डबे घासताना,
खुंटी, मासा!
ओल्या हातानं नाझनीनला फोन लावला.
हसली. म्हणाली, आता नाही धरता येत,
तुमची फाइल मिटली.

नळ चालूच राहिला होता.