चार तिकिटं

काल रात्री टीव्हीवर बक्षिसं वाटत होते.
सोनेरी बाहुली, निळा उजेड,
रडू येण्याआधीच टिपलेले डोळे.
मी मटार सोलत बसले होते.
माझ्या यादीतलं एकही नाव कुणी घेतलं नाही.

यादी आहे माझ्याकडे. लाइट बिलाच्या मागे,
जानेवारीपासूनची.

सर्वोत्कृष्ट दार:
'मिठागर क्रमांक नऊ'मधलं.
भांडुपच्या बाजूला कुठेतरी शूटिंग केलंय,
खाऱ्या हवेनं फुगलेलं दार, बाप रोज खांद्यानं ढकलतो.
तो गेल्यावर मुलगी पहिल्यांदा ढकलते
आणि खांदा बरोबर त्याच जागी लागतो,
जिथला रंग उडालाय.
एवढंच. संगीत नाही.
शेजारच्या खुर्चीत माझी पर्स होती,
तिच्याकडे बघितलं मी,
कुणाकडे तरी बघायला हवं म्हणून.

सर्वोत्कृष्ट गप्प बसणं:
'वॉचमनचा स्वेटर'. नवरा-बायको, गॅस संपलाय,
दोघांनाही माहीत आहे, दोघंही उठत नाहीत.
साडेतीन मिनिटं. दुसऱ्या वेळी घड्याळ लावून पाहिलं.
दुसऱ्या वेळेसाठी मुलुंडहून कांदिवली गाठली,
कारण शुक्रवारी सहा पडदे होते, सोमवारी एक,
तोही दुपारी पावणेबाराला,
जेव्हा माणूस एकतर कामावर असतो
नाहीतर कुणाच्या तरी दहाव्याला.

तिसऱ्याचं नाव सांगत नाही.
तुम्ही म्हणाल, ऐकलं नाही,
आणि मला राग येईल.

तो चेंबूरला लागला होता, मॉलच्या चौथ्या मजल्यावर.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
"मॅडम, चार तिकिटं गेली तरच शो लावतात."
"किती गेलीत?"
"तुमचं धरून एक."
"मग चार दे."
"बाकीचे येतायत ना?"
"पार्किंगला आहेत," मी म्हटलं.
माझ्याकडे सायकलसुद्धा नाही.

दारावर घाग. नाव बिल्ल्यावर होतं.
साठी उलटलेली, गळ्यात कंपनीचा लाल बो,
कुणा पोराच्या मापाचा.
त्यांनी चारही तिकिटं फाडली, एकेक करून,
घाई न करता,
जसे मागे तिघं खरंच उभे आहेत.

इंटरव्हलला आत आले. बॅटरी विझवली.
"पार्किंग मिळालं नाही वाटतं?"
मी काही बोलले नाही.
"बसू का मग? तिकीट तर आहेच."
आणि जी-आठमध्ये बसले, बो सैल करून.

पडद्यावर ती बाई शर्टाला बटण लावत होती.
कॅमेरा हलतच नाही तिथे,
सुई ओवायलाच तिला तीन वेळा लागतात,
दोरा ओठांत धरून ती खिडकीकडे बघते
आणि शर्ट कुणाचा ते कुणीच बोलत नाही.
घागांचा श्वास ऐकू येत होता मला.
एसी बंद केला होता ना, चारच माणसं म्हणून.

नावं वर सरकायला लागली तशी दिवे लागले.
लाइटमन, स्पॉटबॉय, चहा देणारा,
आम्ही सगळी वाचली.
मग ते म्हणाले, "एक विचारू?
ते बटण तुटलं कधी?"

"पहिल्या अर्ध्यात," मी म्हटलं.
"सांगा की."

एस्केलेटर बंद पडला होता. त्याच्या वरच्या पायरीवर बसून
मी त्यांना पहिला अर्धा सांगितला.
कुठे ताणलं, कुठे माझं मीच घातलं थोडं,
बटण तुटलं तेव्हा त्यांनी
आपल्या शर्टावर हात नेला.
पुढच्या शोची गर्दी येत होती, इंग्रजीच्या,
हातात पॉपकॉर्नच्या बादल्या.
एकाने आम्हाला वळसा घातला, एकाने सॉरी म्हटलं.

शुक्रवारी पाहिलं तर चित्रपट उतरला होता.

काल, टीव्हीवर कुणीतरी आईचे आभार मानत असताना
यादीत खाली एक ओळ वाढवली.
सर्वोत्कृष्ट प्रेक्षक: जी-आठ.
तिकीट माझ्याकडे आहे. अर्धं.
अर्धं त्यांच्या डब्यात गेलं असेल.

मटार सोलून झाले.
पाव किलोला इतके कमी कसे भरले, कळत नाही.