कोमट

तुर्भ्याच्या खुटवड मिस्त्रींनी शिकवलं होतं:
गाडी बघायला गेलं की आधी बॉनेटवर तळहात ठेवायचा.
कोमट लागलं तर सरळ घरी यायचं.
"सकाळीच फिरवून आणलेली असते, बाई.
थंड इंजिनाला खोटं बोलता येत नाही."

तीन रविवार
नेरूळ, घणसोली, कामोठे पालथं घातलं.
एकीच्या ऑइलच्या झाकणाखाली दुधावरची साय,
एकीचा धूर निळसर,
एक तीन सिलिंडरची, उभ्या उभ्या थरथरणारी.
मालक म्हणाला, त्या सगळ्या तशाच असतात.
असतीलही.
शोरूममधल्या पोरानं स्क्रीन दाखवला, केवढा मोठा!
इंजिनाचं विचारलं तर म्हणाला,
वॉरंटी आहे ना, मॅडम.

आमची एकोणीस वर्षांची.
एक लाख बेचाळीस हजार.
पारसिकच्या चढाला दुसऱ्या गिअरात कण्हते,
पण चढते.
गार असली की पहिल्या किल्लीला नुसती खोकते,
दुसऱ्या किल्लीला उठते.
हल्ली तिसऱ्या.

शनिवारी तिला बघायला
ऐरोलीचा विघ्नेश पाताडे येणार होता,
नवीन लग्न झालेला, बायकोला घेऊन.
दहाची वेळ.
साडेनवाला मी खाली उतरले
आणि सेक्टरला दोन चकरा मारून आले.

त्यानं टायरला लाथ मारली,
काचा वर-खाली केल्या,
किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात.
खूश झाला.

बायकोनं सहज टेकायला म्हणून
बॉनेटवर हात ठेवला
आणि ठेवूनच दिला,
माझ्याकडे बघत.

"ऊन आहे ना," मी म्हणाले.

गाडी उभी होती
बिल्डिंगखाली, सावलीत.