प्रश्न चौथा

चोपड्याच्या बाजारात बाहुली एकाच रंगाची मिळाली.
दोन घेतल्या.
दुसरीला रात्री लॉजवर बसून
मीच तपकिरी ऑइलपेंट दिला, दोन हात.
कानामागे ब्रश नीट पोचला नाही.

सातपुड्याच्या पायथ्याची अंगणवाडी,
वजनकाटा, खिचडीची वाफ,
समोर सायकी पावरा, वय वर्षं पाच.
मदतनीस रेखमाबाई माझं मराठी
तिच्यासाठी पावरीत ओतून देत होत्या.

शहाणी कोणती? ती.
घाणेरडी? ही.
केळीचा वेफर कुणाला देशील?
तिनं तो स्वतःच खाल्ला.
ह्याला रकाना नव्हता.

तुझ्यासारखी कोणती?

तिनं तपकिरी उचलली, उलटीपालटी केली,
कानामागे नख लावलं.
पापुद्रा सुटला.
रेखमाबाई हसल्या, "म्हणते, खाली तीच आहे."
मग सायकीनं स्वतःचं मनगट
थोडं खरवडून पाहिलं,
पातेल्याच्या बुडाची खरपुडी निघते का बघावं
इतक्या सहज.

मी नऊ लिहिला.
नऊ म्हणजे उत्तर नाही.

पुढचं पोर आत आलं, शेंबूड पुसत.
मी बाहुलीचा तो कान
माझ्या बाजूला वळवून ठेवला.