पेटी क्रमांक दोनशे चौदा

कराडच्या बाहेर, गोडाऊनच्या पत्र्याखाली
माझं काम एवढंच: दगड धुणं.
पेटी उघडायची, ओला फडका फिरवायचा,
लाकडी ठोकळ्यावर खोली लिहायची.

पाटणच्या खोऱ्यात भोक पाडलं
तेव्हा जैनू मुलाणी यंत्रावर होता.
सांगतो, हजार-बाराशे मीटर नुसता आपला काळा कातळ,
थरावर थर,
मधेच तांबडी रेघ, मधेच गारगोट्यांचे डोळे,
आणि एका पहाटे वर येणाऱ्या पाण्याचा रंग पालटला.
नळीतून निघाला तो गुलाबी.
"म्हटलं, हा कुणाच्या अंगणातला?"

कुणाच्याच नाही.
आमच्या डोंगरांनी त्याला कधी पाहिलेलं नाही.
डोंगर कालचे, साडेसहा कोटींचे,
त्याच्या छातीवर येऊन बसले
आणि खाली कोण आहे ते विचारलंसुद्धा नाही.

तारळेकर मॅडम त्याला पट्टिताश्म म्हणतात.
कोरडा असला की जुन्या पोत्यासारखा दिसतो.
पाणी मारलं की पट्टे उठतात,
अभ्रकाचा काळा, मग गुलाबी, पुन्हा काळा,
एका जागी तर वळी पडलीय,
पावसाळाभर घडीत राहिलेल्या घोंगडीला पडते तशी.

"हा आधी दुसराच दगड होता," त्या म्हणाल्या.
"तापला, दाबला गेला, पण वितळला नाही.
वितळला असता तर सगळं विसरला असता."
मी फडका पिळला.
माझ्या बापाला सदुसष्टच्या भूकंपाचं विचारलं की
तो म्हशीचं सांगायचा.
तिला कडबा कुठून आणला, कितीला आणला.
तेवढंच.

काळा जिथं संपतो आणि हा जिथं सुरू होतो
ती पेटी दोनशे चौदा.
दोघांच्या मधे दोनशे कोटी वर्षं असायला हवीत.
ना वाळू, ना माती, ना एखाद्या नदीचा गाळ.
जैनूनं सांध्यावर नख फिरवून पाहिलं, अडकत नाही.
तिथं ठोकळा ठेवायचा कुठं, मला कळेना.
शेवटी पेटीच्या कडेलाच ठेवला, आडवा, कोरा.

परवा रात्री जमीन हलली. नेहमीसारखीच.
पत्रे वाजले, कुत्री भुंकली, गप्प झाली.
सकाळी बघतो तर तीच पेटी खाली, तुकडे फरशीभर.
प्रत्येक तुकड्यावर मेणखडूच्या दोन रेघा असतात,
तांबडी उजवीकडे, काळी डावीकडे,
म्हणजे वर कुठलं, खाली कुठलं ते चुकत नाही.
दुपारपर्यंत पट्ट्याला पट्टा लावत बसलो.
जेवलो नाही.
सगळे बसले,
एक सोडून. मुठीएवढा, गुलाबी, रेघा पुसलेल्या,
माझ्याच फडक्यानं बहुतेक.

तो दोन्ही बाजूंनी बसतो.
मॅडमना अजून सांगितलेलं नाही.